सिंगापुरातली कंपनी सेक्रेटरी सर्व्हिस: महाग आहे, पण फोन उचलतात (साडेतीन स्टार)

आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे, सॉफ्टवेअरची कामं घेतो, मी इथे सिंगापुरात पीआर (कायमचा रहिवासी) आणि पार्टनर पुण्यात. गेल्या रिन्यूअलला जुनी स्वस्तातली फर्म सोडून आन्सन रोडवरच्या एका मध्यम साइझच्या फर्मकडे सेक्रेटरीचं काम दिलं. नाव इथे टाकत नाहीये, पण ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच की "सेक्रेटरी फर्म कशी निवडू", म्हणून अनुभव लिहितोय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. इथे कंपनी काढली की ६ महिन्यांत सेक्रेटरी (कंपनीचे कायदेशीर कागद, नोंदी सांभाळणारा माणूस) नेमावाच लागतो, तो इथलाच रहिवासी लागतो, आणि कंपनीत एकच डायरेक्टर असेल तर त्याला स्वतःला सेक्रेटरी होता येत नाही. त्यामुळे आपल्यासारख्या छोट्यांना फर्म गाठावीच लागते.

आता पैशांचं. जुन्या ठिकाणी वर्षाला साधारण ५०० सिंगापूर डॉलर जायचे, इथे ९०० च्या पुढे गेले. मी विचारलं बाबा काय सोनं लावताय का फाइलला, तर त्यांच्या मॅनेजर बाईंनी शांतपणे बसवून सगळं सांगितलं, आणि खरं सांगतो, ते ऐकल्यावर भांडायचा मूडच गेला. ९ जून २०२५ पासून इथे कॉर्पोरेट सर्व्हिस प्रोव्हायडर्सचा नवीन कायदा लागू झालाय, म्हणजे सिंगापुरातून कंपनी काढून देणं, सेक्रेटरी पुरवणं असली सर्व्हिस देणाऱ्या प्रत्येकाला अ‍ॅक्राकडे (कंपन्यांची नोंद ठेवणारं इथलं सरकारी खातं) रजिस्टर व्हावंच लागतं, आणि मनी लाँडरिंगच्या नियमांत कुचराई सापडली तर १ लाख डॉलरपर्यंत दंड, तोही फक्त फर्मला नाही, वरच्या मॅनेजमेंटलाही होऊ शकतो. आता एवढी तलवार डोक्यावर असल्यावर ते लोक कागद मागणारच की. ऑगस्ट २०२३ ची ती ३ अब्ज डॉलरची मनी लाँडरिंगची केस आठवत असेल, बंगले, गाड्या, बॅगा जप्त झाल्या आणि १० परदेशी लोक आत गेले, त्यानंतर इथलं वातावरणच बदललं.

केवायसी मात्र जीव खाते. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, पैसा कुठून आला, क्लायंट कोण, कुठल्या देशातले, सगळं. पार्टनरने पत्त्यासाठी महावितरणचं बिल पाठवलं तर ते मराठीत, वर नाव त्याच्या वडिलांचं! मग सर्टिफाइड भाषांतर आणा म्हणाले. त्याने तेही करायला घेतलं आणि नंतर दुसऱ्याच मुलीचा मेल आला की बँकेचं इंग्रजी स्टेटमेंट चालेल. अरे मग आधीच सांगायचं ना. एक स्टार इथे गेला.

पण कंट्रोलर रजिस्टरचं काम त्यांनी एकदम चोख केलं. कंपनीत २५ टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा किंवा तेवढं वजन ज्याचं असेल त्याची नोंद ठेवायची, ती अ‍ॅक्राला द्यायची आणि दरवर्षी तपासून घ्यायची. पूर्वी चूक झाली तर दंड जास्तीत जास्त ५ हजार होता, आता २५ हजार झालाय. जुन्या फर्मने या विषयावर मला कधी मेलसुद्धा केला नव्हता, यांनी पहिल्याच महिन्यात फॉर्म भरून सही घेतली.

सगळ्यात आवडलेली गोष्ट माझ्या मावसभावाची. तो सांगलीत हळदीचा व्यापार करतो, त्याला तिथे बसून सिंगापुरात कंपनी काढायची होती, कोणीतरी डोक्यात भरवलेलं. कंपनीत निदान एक डायरेक्टर इथला रहिवासी लागतो, आणि तो इथे राहत नाही म्हणजे नॉमिनी डायरेक्टर, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने फक्त नाव देणारा डायरेक्टर, भाड्याने घ्यायला लागणार. आधी या धंद्यात एकेक माणूस डझनावारी कंपन्यांवर नाव देऊन बसायचा, काय चाललंय ते त्यालाच माहीत नसायचं. आता पैसे घेऊन नॉमिनी व्हायचं तर रजिस्टर्ड फर्ममार्फतच, आणि हा माणूस लायक आहे का ते फर्मने तपासून घ्यायचं. वर डायरेक्टर नॉमिनी आहे हे अ‍ॅक्राच्या रेकॉर्डवर सगळ्यांना दिसतं. त्याला सांगितलेला रेट वर्षाला अडीच हजार डॉलर, शिवाय तेवढंच डिपॉझिट. एवढं सांगून बाई म्हणाल्या, तुमचा माल सांगलीतून निघून सरळ गिऱ्हाइकाकडे जाणार, मग मधे ही कंपनी कशाला? इथला आयातदार शोधा आणि तिकडूनच बिल करा. आणि तरीही काढायचीच असेल तर भारताच्या बाजूने फेमाचे (परकीय चलनाच्या कायद्याचे) नियम लागतील, ते आम्ही बघत नाही, आधी तुमच्या सीएला विचारा. हातातलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारी फर्म मी तरी पहिल्यांदा बघितली. भाऊ जरा नाराज झाला पण पैसे वाचले त्याचे.

आता नावडलेलं. जोहोर बारूमध्ये पण आमचं ऑफिस आहे, मलेशियाचं पण बघतो असं ब्रोशरवर मोठ्याने लिहिलंय, पण त्यात दम नाही. माझा एक क्लायंट जोहोरचा, तिथे ई-इन्व्हॉइस (सरकारी सिस्टिममधून जाणारं ऑनलाइन बिल) कंपन्यांच्या वार्षिक उलाढालीप्रमाणे टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, ऑगस्ट २०२४ ला १० कोटी रिंगिटच्या (मलेशियाचं चलन) वरचे, मग जानेवारी २०२५ ला अडीच कोटीच्या वरचे, जुलै २०२५ ला ५० लाखांच्या वरचे, आणि जानेवारी २०२६ पासून १० लाखांच्या वरचे. १० लाखांच्या खालच्यांना सूट मिळाली. तर यांनी मला जो पीडीएफ पाठवला त्यात सुटीची मर्यादा जुनीच, ५ लाख! क्लायंटच्या अकाउंटंटने हसून परत पाठवला. पैसे घेऊन सल्ला देता तर अपडेट तरी ठेवा राव. ते काम मी आता जोहोरच्याच एका अकाउंटंटकडे दिलंय, स्वस्तही पडतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर त्याच दिवशी येतं, शुक्रवारी दुपारनंतर मात्र आशा सोडा. "अमुक डॉलरात कंपनी" वाल्या जाहिराती बघून जाणार असाल तर आधी ती फर्म अ‍ॅक्राकडे रजिस्टर्ड आहे का ते बघा आणि दुसऱ्या वर्षाचा रेट लेखी मागा, पहिल्या वर्षाचा सगळेच गोड सांगतात. मी सेक्रेटरीचं काम इथेच रिन्यू करतोय. ऑफिसला जायचं तर तंजोंग पगार मेट्रो स्टेशनला उतरून चालत जा, गाडी नेऊ नका, पार्किंगला पैसे फार लागतात.