सहा चॅनल म्हणजे सहा यंत्रं नव्हेत

स्पीकर वाजवणाऱ्या ॲम्पला इनपुट दोन, त्यातला एक टीव्हीने कायमचा खाल्लेला. उरलेल्या एकावर वडिलांचा रेकॉर्ड प्लेयर, कॅसेट डेक, सीडी प्लेयर आणि मोबाईल असे चौघे भांडत होते. दर वेळी कपाट ओढा, तारा बदला. शेवटी सगळ्यांचे आवाज एकत्र करून ॲम्पला देणारा मिक्सर घ्यायचं ठरवलं. "मिक्सर आहे की ओ घरात," बायको म्हणाली, "आणि शेंगाचटणी तर मी खलबत्त्यातच कुटते."

आधी दोन रुपयांची अक्कल वापरून वाय-केबलने सीडी आणि डेक जोडून पाहिलं होतं. आवाज बसला. एकाचं आउटपुट दुसऱ्यावर भार टाकतं, ते तसं जोडायचं नसतं.

नवी पेठेतल्या दुकानात पोऱ्याने यामाहाचा एमजी०६ पुढे केला. "काका, सहा चॅनल आहेत, चार मशिनींना लई झालं." मी बसून मोजलं. चॅनल म्हणजे आवाज आत यायची वाट; त्यात स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या जोडीचे, दोन आणि मोनो, म्हणजे एकेरी, दोन. डावा-उजवा वेगळा धरून सहा होतात! आपल्या यंत्राला दोन्ही बाजू लागतात, म्हणजे दोन यंत्रं स्टिरिओवर आणि तिसरं दोन मोनोंवर. चौथं कुठं लावू, डोक्यावर? एमजी१० मध्ये स्टिरिओ तीन आणि मोनो चार, तोच घेतला. एक्सयू हे इफेक्ट आणि यूएसबीवालं मॉडेल सोडलं. लताबाईंच्या आवाजाला मी एको देणार का?

सीडी, डेक आणि मोबाईल स्टिरिओवर गेले. रेकॉर्ड प्लेयर १ आणि २ वर, पॅनचं बटण एकाचं पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचं पूर्ण उजवीकडे. पण तो थेट लावायचा नाही. त्याच्या सुईतून येतात जेमतेम ५ मिलीव्होल्ट, सीडी प्लेयर देतो २ व्होल्टपर्यंत. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि तार सप्तकातला आवाज जास्त केलेला असतो, तो उलटा करावा लागतो. ही दोन्ही कामं फोनो प्रीॲम्प करतो. मिक्सरचा गेन, म्हणजे आत येणारा आवाज वाढवायचं बटण, कितीही पिळा, आवाज चिरकाच राहणार. प्रीॲम्प वेगळा घ्यावा लागला, हे दुकानात कुणी बोललं नव्हतं.

लावल्यावर घूं चालू. अर्धा दिवस प्लग फिरवले, शेजारच्या यंत्रमागांनाही शिव्या घालून झाल्या. निघालं काय, तर रेकॉर्ड प्लेयरची बारीक अर्थिंगची तार माझ्याच हातून मागे लोंबकळत राहिली होती. प्रीॲम्पच्या स्क्रूला आवळली, गप्प झालं.

मला सरकत्या पट्ट्या आवडतात, इथे आवाजाला गोल बटणं आहेत. सवय झाली. ४८ व्होल्टचं फँटमचं बटण मात्र बंदच ठेवा, ते बाहेरून वीज लागणाऱ्या कंडेन्सर माईकसाठी असतं. आणि एका वेळी एकच यंत्र ऐकणार असाल तर मिक्सर कशाला, साधा सिलेक्टर बॉक्स पुरतो. आमच्याकडे सासूबाईंची तेलुगू भजनांची कॅसेट हळू करत मोबाईलवरची आरती वर आणायची असते, म्हणून हा खटाटोप.

३ नंबरला आरतीचा माईक लावलाय. ४ नंबर रिकामा आहे, त्यावर नातवाचा डोळा आहे.