रायफलला तेल किती? आठ महिने वापरून कळलेलं

सुईसारखं तोंड असलेली सीएलपी तेलाची (सफाई, वंगण आणि गंजापासून बचाव तिन्ही एकातच) छोटी बाटली घेतली तेव्हा वाटलं दोन महिन्यांत संपेल, आठ महिने झाले, निम्म्याच्या वर शिल्लक आहे. रायफल पॉइंट टू टू (.२२ इंची) बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला बोल्ट (खिट्टी) हाताने मागेपुढे करायचा, वापर फक्त टार्गेटला.

आधी स्प्रे वापरायचो. सगळीकडे फवारा, तेल ठिबकतंय म्हणजे काळजी घेतली असा समज. मग एका थंड सकाळी ट्रिगर दाबला आणि नुसतं टक्. नळी टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट थांबलो, काडतूस काढून पाहिलं तर रिमवर (बुडाच्या कडेवर) फायरिंग पिनचा, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या खिळीचा, ठसा अगदी पुसट. घरी बोल्ट खोलला तर आत तेल आणि बंदुकीच्या दारूची काजळी मिळून काळं लोणी झालेलं, थंडीत ते घट्ट होणार आणि पिन रखडणार, दुसरं काय!

आता फायरिंग पिन आणि स्प्रिंग तेलाचा हात लागलेल्या फडक्याने पुसतो, बस्स. बोल्टच्या अंगावर एक थेंब, बोटाने पसरायचा, कापडाला डाग उठला तर जास्त झालं. कॉकिंग कॅमवर (पिन मागे ताणणारा बोल्टवरचा उतार) आणि बोल्ट लॉक होतो त्या जागी ग्रीस, तेही टूथपिकच्या टोकावर मावेल एवढंच. ट्रिगरमध्ये काही नाही.

नळीत तेलाचा पॅच (कापडाचा छोटा तुकडा) फक्त ठेवून देताना, आणि पुढच्या वेळी फायर करायच्या आधी दोन-तीन कोरडे पॅच, नाहीतर पहिली गोळी भलतीकडेच जाते. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) तर कोरडंच हवं, मोठ्या कॅलिबरवाल्यांनी हे जास्त पाळा, कारण तेलकट चेंबरला काडतुसाचं कवच नीट धरत नाही आणि मागचा जोर सगळा बोल्टवर येतो. टू टूची नळी मी दर वेळी घासतही नाही, शिशाच्या गोळीचं मेण आत बसेपर्यंत ग्रुप (टार्गेटवरच्या गोळ्यांचा पुंजका) विस्कटलेलाच येतो.

बाटलीची तक्रार एकच, टोपी इतकी चिमुकली की दोनदा हरवली आणि एकदा बॅगेत सगळं चिकट झालं.

आणि हो, तेल लावून रायफल दस्त्यावर उभी ठेवू नका. माझ्या स्प्रेच्या दिवसांतलं तेल खाली उतरून लाकडात मुरलंय, बोल्टच्या मागे काळपट डाग पडलाय. चार वेळा पुसून झाला, तसाच आहे.