भोसरीत बनवून घेतलेला सायकलचा हँगर

बोपदेव घाटात मागच्या चाकात काटकी अडकली आणि हँगर तुटला, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर फ्रेमला बसतो तो छोटा तुकडा. सायकल दहा वर्षांची, कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलेलं. बाजारातले सात-आठ हँगर लावून पाहिले, एकाचीही भोकं जुळेनात. बोटाएवढ्या तुकड्यापायी चांगली फ्रेम भंगारात घालायला माझं मन तयार होईना. म्हणून भोसरी एमआयडीसी गाठली.

दोन व्हीएमसी मशिनांची, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर धातू कापणाऱ्या यंत्रांची, लहानशी शेड. एरवी तिथं मोटारींच्या पार्ट्सचे जॉब चालतात, तरी माझे पाच नग त्यांनी घेतले. पाच अशासाठी, की प्रोग्रॅम आणि सेटिंगचा खर्च एका नगालाही तेवढाच येतो. एकूण ३,२०० रुपये झाले.

मी ७०७५ ग्रेडचं ॲल्युमिनियम सांगितलं होतं, खूप मजबूत म्हणून. शेडचे मालक तुटलेला तुकडा हातात फिरवत म्हणाले, "ताई, हा मोडायला पाहिजे की टिकायला?" मी गप्पच झाले. हँगर मोडतो म्हणून तर फ्रेम वाचते! माझी फ्रेमही त्यामुळंच वाचली होती. मग ६०६१ ठरलं, ते त्या मानानं बरंच नरम. नुसतं काम उरकायचं असतं तर हा प्रश्न कुणी विचारला नसता. मी या शेडचं नाव सायकलवाल्या मैत्रिणींना सांगते ते एवढ्यासाठीच.

पहिल्या नगात डिरेलरचा बोल्ट दोन आटे जाऊन अडकला. एम१० म्हणजे १० मिमी व्यासाचा बोल्ट म्हटलं की सहसा १.५ मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) आटे पाडतात. डिरेलरला १ मिमीचा बारीक आटा लागतो. माझ्या ड्रॉइंगवर पिच लिहिलेलाच नव्हता. तो नग बाद करून त्यांनी दुसरा काढला, जादा पैसे न घेता. तुम्ही जाल तेव्हा डिरेलर आणि फ्रेमचे बोल्ट बरोबरच न्या, कागदावर विसंबू नका.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. चार दिवस सांगून अकरा लावले, आणि कडांची बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कोर, नीट काढली नव्हती. ती मी घरी कानशीनं घासली. बसवल्यावर हँगर गेजनं सरळ करून घेतला. तेव्हापासून चारशे किलोमीटर झाले, मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चक्रावरसुद्धा चेन एका झटक्यात चढते.

उरलेल्या चारांपैकी दोन सीटबॅगेत आहेत. दोन साताऱ्याच्या एका मुलाला पाठवले. त्याची हीच सायकल हँगरवाचून आठ महिने भिंतीला टेकून होती.