‘ब्लाइंड सॉफ्टवेअर’चे साडेतीन हजार आणि मुका लॅपटॉप

वहीच्या कागदावरचं कच्चं बिल. शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. ‘स्टार्टअप क्लीनिंग ८००. ब्लाइंड सॉफ्टवेअर फुल व्हर्जन ३५००. अँटिव्हायरस ६५०. ऑनलाइन सपोर्ट १ वर्ष १२००.’ बेरीज ६१५० रुपये. परभणी जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचा हा लॅपटॉप. त्यांना अजिबात दिसत नाही; पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे स्क्रीन रीडरवर, त्या काम करतात. तक्रार एवढीच होती, की चालू केल्यावर मशीन पाच-सहा मिनिटं बोलतच नाही. दुकानदार म्हणाला, “मॅडम, तुमचं स्टार्टअप पार भरून गेलंय, म्हणून स्लो चालायलंय. सगळं साफ करून देतो.” स्टार्टअप म्हणजे मशीन चालू होताना आपणहून उठणाऱ्या प्रोग्रामांची यादी.

साफ झालेला लॅपटॉप घरी आला तो पूर्ण मुका. फोन केला तर उत्तर मिळालं, “सॉफ्टवेअर उडालं असेल, ऑनलाइन टाकून देतो, ३०० होतील.” पैसे गेले, दोन मिनिटांत आवाज परत आला. त्या दोन मिनिटांत त्यानं काय केलं? एक बटण बंद होतं, ते चालू केलं. हे बिल ओळीनं उलगडून बघण्यासारखं आहे, कारण मराठवाड्यात जिल्ह्याच्या गावापासून तालुक्यापर्यंत अशीच बिलं थोड्याफार फरकानं फाडली जातात.

आधी साडेतीन हजारांचं. ते ‘ब्लाइंड सॉफ्टवेअर’ म्हणजे एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स तेह यांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. एनव्ही अ‍ॅक्सेस ही ना-नफा संस्था ते फुकट देते. त्यात फुल व्हर्जन, लाइफटाइम लायसन असा प्रकारच नाही. जे उतरवता तेच पूर्ण. सोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाज काढणाऱ्या प्रोग्राममध्ये मराठी आवाजसुद्धा आहे. एक गोष्ट मात्र दुकानदाराच्या बाजूनं सांगायला हवी. एनव्हीडीए टाकून दिल्याची मजुरी घेणं हा गुन्हा नाही. त्याचा परवाना जीपीएल, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा, आहे आणि त्यात पैसे घ्यायला मनाई नाही. दीड-दोनशे रुपये मजुरी म्हणून घेतले असते तर कुणी बोललं नसतं. फसवणूक आहे ती ‘फुल व्हर्जन विकत आणलं’ या थापेत.

आणि टाकलं तेही धड नाही. एनव्हीडीए दोन तऱ्हांनी चालतं: एक इन्स्टॉल केलेलं, दुसरं पोर्टेबल, म्हणजे पेनड्राइव्हवरून उचलून फोल्डरसकट चिकटवलेलं. इथं दुसरं होतं. डी ड्राइव्हमधल्या ‘न्यू फोल्डर’मध्ये सगळं ओतलेलं आणि त्याचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये. ऐकायला दोन्ही सारखीच लागतात, म्हणून ही चलाखी लवकर पकडली जात नाही. पण पोर्टेबल प्रत लॉगिनच्या स्क्रीनवर बोलत नाही. ‘या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का’ असं विचारणारी विंडोजची परवानगीची स्क्रीन ती वाचत नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारानं चालणाऱ्या खिडकीत गेलात की ती गप्प बसते. आता खरी मेख इथं आहे: टास्क मॅनेजर हा अ‍ॅडमिन खात्यावर याच अधिकारानं उघडतो. म्हणजे स्टार्टअपमध्ये काय-काय भरलंय हे बाईंनी स्वतः तपासायचं म्हटलं असतं, तर नेमक्या त्याच खिडकीत मशीन मुकं झालं असतं. दुकानदारानं हे ठरवून केलं असं म्हणता येत नाही, त्याला बहुधा माहीतही नसेल. पण फायदा त्याचाच झाला.

तुमचं एनव्हीडीए कोणतं, हे अर्ध्या मिनिटात कळतं. एनव्हीडीए की (बहुतेक मशीनवर इन्सर्ट) धरून एन दाबा, टूल्स मेन्यूत जा. तिथं ‘इन्स्टॉल एनव्हीडीए’ असं ऐकू आलं तर तुमच्याकडे पोर्टेबल आहे. इन्स्टॉल झालेल्या प्रतीत हा पर्याय दिसत नाही. असलाच तर तिथेच एंटर मारा. मात्र त्याआधी विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबून नॅरेटर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, चालू करून ठेवा, कारण पुढे येणारी परवानगीची स्क्रीन पोर्टेबल एनव्हीडीए वाचणार नाही. दोन आवाज एकमेकांवर बोलतील, तेवढं सोसा. तिथं ऑल्ट आणि वाय म्हणजे ‘येस’. इन्स्टॉल होताना साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए वापरण्याची आणि कंट्रोल-ऑल्ट-एन या शॉर्टकटची चौकट खूण केलेली आहे ना, ते बघून घ्या. संपलं की नॅरेटर त्याच तीन बटणांनी बंद.

नॅरेटरचं हे त्रिकूट तोंडपाठच करा. मुका लॅपटॉप हाती आला की पहिली परीक्षा हीच. नॅरेटर विंडोजमध्येच असतो, त्याला स्टार्टअपमध्ये जागा लागत नाही. तो बोलला तर साउंड ठीक, ड्रायव्हर ठीक. फक्त तुमचा स्क्रीन रीडर सुरू झालेला नाही. मग ‘साउंड कार्ड गेलं’ म्हणून कुणी पैसे मागितले तर हसून निघून या.

आता ८०० रुपयांची सफाई. दुकानदारानं स्टार्टअपची यादी उघडली आणि होतं नव्हतं ते सगळं डिसेबल केलं. त्यात त्यानं स्वतःच ठेवलेला एनव्हीडीएचा शॉर्टकटही गेला. लॅपटॉप मुका झाला तो यामुळं, आणि तोच खटका परत चालू करायचे ३०० त्यानं वेगळे घेतले. काही ‘उडालं’ वगैरे नव्हतं. डिसेबल म्हणजे पुसून टाकणं नव्हे. प्रोग्राम जागेवरच असतो, फक्त मशीन चालू होताना आपणहून उठत नाही.

ही सफाई स्वतः करायला माउस लागत नाही आणि डोळेही लागत नाहीत. विंडोज आणि आय दाबून सेटिंग्ज उघडा, अ‍ॅप्समध्ये जा, त्यात स्टार्टअप. ही खिडकी साध्या अधिकाराची असल्यानं पोर्टेबल एनव्हीडीएसुद्धा ती वाचतं. टॅबनं एकेका नावावर जा. नाव, मग ‘ऑन’ किंवा ‘ऑफ’ ऐकू येईल. स्पेसबारनं उलटसुलट करता येतं. इन्स्टॉल केलेलं एनव्हीडीए असेल तर टास्क मॅनेजर जास्त सोयीचा: कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबायचं. विंडोज १० मध्ये कंट्रोल-टॅबनं स्टार्टअपच्या टॅबपर्यंत जायचं. तो छोट्या रूपात उघडला तर आधी ‘मोअर डिटेल्स’ बटण दाबायचं. विंडोज ११ मध्ये डाव्या पट्टीत ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ आहे. खालच्या बाणानं फिरलात की एका दमात पूर्ण ओळ येते: “मायक्रोसॉफ्ट वनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन, एनेबल्ड, हाय.” म्हणजे नाव, बनवणारा, स्थिती आणि चालू होताना पडणारा भार. शिफ्ट-एफ १० दाबलं की मेन्यू उघडतो. त्यात ‘डिसेबल’ आहे आणि त्याहून कामाचं ‘ओपन फाइल लोकेशन’. ओळखीचं नाव नाही, बनवणाऱ्याची जागा रिकामी आणि फाइल डाउनलोड्स किंवा टेम्प फोल्डरमध्ये, असं तिन्ही जुळून आलं तर ती नोंद संशयास्पद समजा.

‘हाय’ हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. दुकानदार त्याचंच भांडवल करतो. चालू होताना १ सेकंदापेक्षा जास्त प्रोसेसरचा वेळ किंवा ३ एमबीपेक्षा जास्त डिस्कची ये-जा, एवढ्यावर विंडोज ‘हाय’ म्हणतं. ३०० मिलिसेकंद आणि ३०० केबी या दोन्हीच्या आत असेल तर ‘लो’. म्हणजे चार-पाच ‘हाय’ बंद केले तरी मशीन काही सेकंदांनीच लवकर बोलेल. पाच-सहा मिनिटांचं दुखणं निराळं असतं. या लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम होती. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये ‘डिस्क’ या नावापुढे एचडीडी ऐकू आलं की कारण कळलं. तिथं एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवणं हाच उपाय. ८०० रुपये सफाईत घालण्यापेक्षा ते एसएसडीकडे वळवलेले बरे. फरक मोजायचा तर शटडाउन करून नको, रीस्टार्ट करून मोजा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउननंतर विंडोज अर्धवट झोपेतून उठतं आणि वेळ खोटा दिसतो. ‘बघा मॅडम, कसं झटक्यात चालू झालं’ हा काउंटरवरचा खेळ बरेचदा त्याच जोरावर चालतो.

यादीतलं काय बंद करावं? वनड्राइव्ह वापरत नसाल तर तो, टीम्स, गाण्यांची अ‍ॅपं, प्रिंटरची जाहिरात करणारे मदतनीस, ब्राउझर. काय बंद करू नये? विंडोज सिक्युरिटीचं नोटिफिकेशन आयकॉन, रिअलटेकसारख्या साउंड कंपनीच्या नोंदी आणि टचपॅडच्या. एनव्हीडीए मात्र या यादीत शोधू नका. नीट इन्स्टॉल झालेलं एनव्हीडीए विंडोजच्या सुगम्यतेच्या वाटेनं सुरू होतं, इथं येत नाही. ‘तुमचं सॉफ्टवेअर स्टार्टअपमध्येच नाही, टाकून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला हे माहीत नाही, किंवा माहीत असून तो बोलतोय. चालू-बंद करायचं तर एनव्हीडीए की, कंट्रोल आणि जी दाबून जनरल सेटिंग्जमध्ये ‘साइन-इन केल्यावर सुरू करा’ ही चौकट बघा.

याहून घातक प्रकार एमएसकॉन्फिगमधला, म्हणजे विंडोज कसं चालू व्हावं हे ठरवणाऱ्या खिडकीतला. दुकानातली काही पोरं तिथं सर्व्हिसेसच्या, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामांच्या, टॅबवर जाऊन, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवण्याची चौकट खूण न करता, ‘डिसेबल ऑल’ मारतात. त्यात विंडोज ऑडिओही जातं. मग एनव्हीडीए नाही, नॅरेटर नाही, कुणीच बोलत नाही. सेफ मोडमध्ये जाऊन दुरुस्त करावं म्हटलं तर तिथंही सहसा आवाज नसतो. अशा वेळी घरातल्या डोळस माणसाला बसवून एमएसकॉन्फिगच्या जनरल टॅबवर ‘नॉर्मल स्टार्टअप’ निवडायला सांगा आणि रीस्टार्ट करा; त्यासाठी दुकानात जायची गरज नाही.

६५० चा अँटिव्हायरस ३० दिवसांची ट्रायल निघाला. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आधीपासून असतोच, त्यामुळं यावर जास्त शाई खर्चत नाही. एवढंच, की या ट्रायलच्या खिडक्या मधेच उसळून फोकस पळवतात आणि आपण टाइप करतोय ते भलतीकडेच जातं.

१२०० चा ‘ऑनलाइन सपोर्ट’ ही मात्र झोप उडवणारी ओळ. लॅपटॉपमध्ये एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याचं मशीन दुरून चालवायचं सॉफ्टवेअर, होतं, कायमचा पासवर्ड घालून. म्हणजे पलीकडच्यानं कधीही घुसावं, इकडं ‘अ‍ॅक्सेप्ट’ विचारलंच जाणार नाही. एनीडेस्क हे प्रामाणिक कामाचं साधन आहे, पण त्याचा गैरवापर करून यूपीआयमधून पैसे काढले जातात म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. दिसणाऱ्याला निदान पॉइंटर आपोआप हललेला दिसतो. स्क्रीन रीडरवर एवढंच होतं, की अधूनमधून भलत्याच खिडकीचं नाव ऐकू येतं आणि आपल्याला वाटतं आपलंच बोट चुकलं.

याला स्टार्टअपमध्ये डिसेबल करून भागत नाही. तिथं दिसतो तो फक्त घड्याळाशेजारचा आयकॉन. खरं काम सर्व्हिस करते आणि ती त्या यादीत येत नाही. विंडोज-आर दाबून सर्व्हिसेस डॉट एमएससी टाका, यादीत ए दाबत राहा. ‘एनीडेस्क सर्व्हिस, रनिंग, ऑटोमॅटिक’ असं ऐकू आलं तर दार सताड उघडं आहे. आधी वायफाय बंद करा. मग सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स या वाटेनं अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करून सर्व्हिसेस पुन्हा तपासा. शेवटी विंडोज-आरमध्ये इंग्रजीत शेल, कोलन, स्टार्टअप असं सलग लिहून तो फोल्डर बघा. दुसऱ्यांदा शेल, कोलन, कॉमन, मग एक जागा सोडून स्टार्टअप. शॉर्टकटवर ऑल्ट-एंटर दाबलं की तो कुठं नेतो ते टार्गेटमध्ये वाचता येतं. डी ड्राइव्हचं ‘न्यू फोल्डर’ सापडलं ते असंच. बँकेचे आणि मेलचे पासवर्ड त्या मशीनवरून नव्हे, फोनवरून बदला.

दुरून मदत लागतेच कधी. त्यासाठी एनव्हीडीएच्या २०२५.१ या आवृत्तीपासून रिमोट अ‍ॅक्सेस आतच आला आहे. पलीकडेही एनव्हीडीए लागतं आणि दोघांनी एकच की टाकल्याशिवाय जोडणी होत नाही. काम झालं की टूल्स मेन्यूतूनच तोडायची.

खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकते. दुकानाच्या बिलाची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. बाईंनी ती केली तेव्हा अडचण आली ती बिलावरच्या शब्दांची. ‘ब्लाइंड सॉफ्टवेअर’ म्हणजे कोणतं, हे कागदावर कुठंच नव्हतं, आणि दुकानदार सरळ म्हणाला, “ती माझी मजुरी होती.” बिलावर ‘एनव्हीडीए, इन्स्टॉल करून दिले, मजुरी अमुक’ एवढं लिहून मागितलं असतं, तर त्याला ३५०० चा आकडा त्या शब्दांपुढं लिहावा लागला असता.