क्लास एच वार्निश: एक अख्खा पावसाळा वापरून

मार्चपासून बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात, म्हणजे जळालेल्या मोटरींच्या तारा नव्यानं गुंडाळायच्या दुकानात, कॉइलवर चढवायला क्लास एचचं पॉलिएस्टर-इमाइड वार्निश वापरतोय. आधी हवेवर सुकणारं साधं वार्निश होतं. पाऊस काढल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण आमच्याकडच्या निम्म्या मोटरी खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या. तिकडं जून ते सप्टेंबर घराच्या भिंतीही वाळत नाहीत.

एच हा उष्णता सोसण्याचा वर्ग, १८० अंशांचा, म्हणजे सगळ्यालाच पुरून उरेल, असं मी धरून चाललो होतो. पण तो आकडा उष्णतेत सुमारे २०,००० तास टिकण्याचा आहे. ओलाव्याचं त्यात काहीच नाही. जुलैत कणकुंबीकडची साडेसात एचपीची मोटर दीड महिन्यात परत आली. मेगरवर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायच्या ५०० व्होल्टच्या यंत्रावर, जेमतेम १ मेगओहम. निदान ५ तरी पाहिजेत. भट्टीत ११० अंशांवर रात्रभर ठेवली, गार करून मोजली, तर २०० च्या वर! वार्निश जळलं नव्हतं, पाणी पिऊन बसलं होतं. पाण्याचे रेणू वार्निशच्या लांब रेणूंच्या साखळ्यांमध्ये शिरले की ते मऊ पडतं, वाळवलं की बरंचसं सावरतं.

चूक आमची होती. भट्टी १५० ला लावली की लगेच वेळ मोजायचो. जड स्टेटरचं, म्हणजे मोटरच्या कॉइल बसवलेल्या स्थिर भागाचं, पोट मात्र तासभर मागंच असतं, म्हणून आत वार्निश अर्धवट पकलेलं राहायचं. आता थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, कॉइलमध्येच खोचतो, कॉइल १५० ला पोचली की घड्याळ सुरू. आधी ११० वर वाळवण, मग बुडवणं, बेकिंग, आणि स्टेटर उलटा करून दुसरा डिप. तेव्हापासून त्याच पट्ट्यात अकरा मोटरी गेल्या, एकही परत नाही.

वास उग्र आहे, खिडकी उघडी पाहिजेच. बेकिंगच्या मध्येच वीज गेली तर जीव कासावीस होतो.

गरम आणि कायम ओल्या जागी मात्र मी हे देत नाही. तिथं पाण्यानं वार्निशच्या साखळ्या जोडून धरणारे एस्टरचे रासायनिक बंधच तुटतात, ते वाळवून परत जुळत नाहीत. अशा कामाला अमाइन हार्डनरचं एपॉक्सी घेतो, १५५ अंशांच्या क्लास एफवर समाधान मानून. पाणी तेही पितं, पण असं तुटत नाही.

पावसात मोटर बंदच राहणार असेल तर पेटाऱ्यात तिच्याजवळ, पण न टेकवता, ६० वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब उबेसाठी लावून ठेवा. कणकुंबीच्या त्या मालकांनी लावलाय, परवा मेगर १८० मेगओहम दाखवत होता.