एमपीटीसीपी, सात महिन्यांनंतर: बंद लाइन चालते, आजारी लाइन छळते

फायबर आणि मोबाइल डोंगल या दोन वाटांवरून एका भाड्याच्या सर्व्हरपर्यंत एमपीटीसीपी (मल्टिपाथ टीसीपी: इंटरनेटवर डेटा क्रमाने आणि खात्रीने पोचवणाऱ्या टीसीपीचं एकच कनेक्शन अनेक वाटांवरून चालवण्याची सोय), असं माझं काम सात महिने चाललंय. दिवसभर एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करून काम), रात्री आरसिंक या फाइल-कॉपीच्या प्रोग्रामने बॅकअप. दोन्हीकडे लिनक्स आहे. २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून एमपीटीसीपी मूळ कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) असल्यामुळे वेगळा पॅच लावावा लागला नाही.

पहिला आठवडा मात्र वाया गेला. प्रत्येक इंटरफेससाठी, म्हणजे प्रत्येक वाटेसाठी, स्वतंत्र राउटिंग टेबल (डेटा कुठून जाईल याचा तक्ता) केलं नव्हतं, त्यामुळे दुसरा सबफ्लो (दुसऱ्या वाटेवरचं उपकनेक्शन) जोडलाच जात नव्हता. शिवाय एसएसएच आपोआप एमपीटीसीपी वापरत नाही, दोन्ही टोकांना ‘एमपीटीसीपीआइझ’ या साधनाने चालवावं लागतं.

ते जमल्यावर चालू सेशनमध्ये फायबरची वायर उपसली. सेशन क्षणभर अडखळलं आणि मोबाइलवरून पुढे चालू झालं. साध्या टीसीपीत आयपी बदलला की कनेक्शन तुटतं, म्हणून हे पाहताना मला फार आनंद झाला.

तिसऱ्या महिन्यात फायबरवर पॅकेट (डेटाचे तुकडे) गळायला लागली. लाइन चालू, पिंगही बरा, पण मधूनच दहा-वीस पॅकेट सलग गायब. आणि बॅकअप एकट्या मोबाइलवर चालतो त्याहूनही हळू! दोन वाटा असून एकीपेक्षा वाईट अवस्था का, हे शोधण्यात बऱ्याच रात्री गेल्या.

प्रत्येक सबफ्लोचे स्वतःचे क्रमांक असतात आणि त्यांच्यावर सगळ्या डेटाचा एक सामाईक क्रम असतो. फायबरवरचा एक तुकडा हरवला की मोबाइलवरून वेळेत आलेले पुढचे तुकडे बफरमध्ये (घेणाऱ्याकडच्या तात्पुरत्या साठ्यात) ताटकळतात, कारण ॲप्लिकेशनला डेटा क्रमानेच द्यायचा असतो. बफर भरला की पाठवणाराही थांबतो. सलग गळती झाली तर टीसीपीचा टाइमआउट (पुन्हा पाठवण्याआधी पोचपावतीची वाट पाहण्याचा वेळ) लागतो. लिनक्समध्ये तो किमान २०० मिलिसेकंदांचा, आणि प्रत्येक अपयशानंतर दुप्पट होतो. अडकलेला डेटा दुसऱ्या वाटेने पुन्हा पाठवण्याची सोय आहे, पण तीही काही वेळ वाट पाहूनच कामाला लागते. ठरावीक वेळा काहीच प्रगती नसेल तर कर्नल सबफ्लोला निकामी ठरवतो. माझ्या फायबरवरून अधूनमधून पोचपावत्या येत होत्या, त्यामुळे तो कधी निकामी ठरलाच नाही.

गळती किती महाग पडते याचा अंदाज आधी नव्हता. ५० मिलिसेकंदांचा फेरा (पॅकेट जाऊन उत्तर येण्याचा वेळ) आणि १ टक्का गळती असेल, तर रेनो या टीसीपीच्या जुन्या वेग-नियंत्रण पद्धतीच्या सूत्राने एक सबफ्लो सेकंदाला ३ मेगाबिटच्या आतच राहतो, लाइन कितीही जाड असो. गळती चौपट झाली की वेग निम्मा.

रिसीव्ह बफर वाढवला, थोडा फरक पडला. दोन्हीकडे बीबीआर ही वेग-नियंत्रणाची दुसरी पद्धत लावल्यावर जास्त पडला, कारण प्रत्येक हरवलेलं पॅकेट म्हणजे गर्दी असं ते मानत नाही. खरा इलाज ठरली एक छोटी स्क्रिप्ट: ती दोन्ही वाटांची गळती मोजत राहते आणि फायबर बिघडला की त्याला ‘बॅकअप’, म्हणजे राखीव वाट, करते. कनेक्शन न तोडता प्राधान्य बदलतं, ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते.

व्हिडिओ कॉलला यातलं काही उपयोगी नाही, ते बहुतेक टीसीपीऐवजी यूडीपी या वेगळ्या पद्धतीवर चालतात. एसएसएचसाठी प्रत्येक पॅकेट दोन्ही वाटांनी पाठवणारा शेड्युलर (कोणतं पॅकेट कोणत्या वाटेने जाईल ते ठरवणारा भाग) मिळाला तर मी आजच लावेन.

फायबर गेल्या महिन्यात दुरुस्त झालं. स्क्रिप्ट मी काढलेली नाही.