एमडीएडीएमचा रेड-५: एक पावसाळा आणि लग्नसराई वापरल्यावर

शहापुरातल्या आमच्या स्टुडिओत लग्नांची शूटिंग चार टीबीच्या चार डिस्कवर, लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेड-५ मध्ये ठेवतो, म्हणजे डिस्क एकत्र जोडलेल्या असतात आणि एक गेली तरी डेटा वाचतो. हे सांभाळणारा प्रोग्रॅम म्हणजे एमडीएडीएम. सिस्टीम भरवशाची आहे. पण डिस्क रेडमधून बाहेर पडली की लगेच नवी आणायला धावू नका, आधी कारण बघा.

जुलैत लाईट सारखी जा-ये करत होती, तेव्हा रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅट फाइलमध्ये ‘यूयूयूयू’च्या जागी ‘यूयू_यू’ दिसलं, म्हणजे एक डिस्क बाहेर पडली होती. दुकानदार म्हणाला, “डिस्क गेली, बदला.” डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलने बघितलं तर ५ नंबरचे रीअ‍ॅलोकेटेड (खराब निघून बदललेले) आणि १९७ चे पेंडिंग (वाचता न येणारे) सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे भाग, दोन्ही शून्य. १९९ चा सीआरसी एरर (डेटा ये-जा करताना होणारी चूक) मात्र वाढत होता, म्हणजे गडबड बहुतेक केबलमध्ये. साटा केबल बदलली. तो आकडा परत शून्यावर येत नाही, पण वाढायचा थांबला. मग री-अ‍ॅड केलं. म्हणजे तीच डिस्क परत रेडमध्ये घेतली. बिटमॅप, म्हणजे कुठे बदल झाला त्याची नोंद, चालू असल्याने मधल्या काळात बदललेला भागच लिहिला गेला, चहा होईपर्यंत काम आटोपलं. बिटमॅप नसता तर अख्खी डिस्क भरायला आठ-दहा तास सहज गेले असते, आणि तेवढ्या वेळात दुसरी डिस्क बिघडली तर लोकांची लग्नं गेली.

दुसऱ्या एका डिस्कचे पेंडिंग सेक्टर खरोखरच वाढू लागले. तिला फेल न करता नवी जोडून ‘रिप्लेस’ चालवलं. कॉपी पूर्ण होईपर्यंत जुनी रेडमध्येच राहते. ही सोय मला सगळ्यात आवडली.

महिन्यातून एकदा ‘चेक’, म्हणजे सगळ्या डिस्क वाचून तपासणं, चालवाच. वाचता न आलेला सेक्टर बाकीच्या डिस्कवरून काढून परत लिहिला जातो. डेबियन या लिनक्समध्ये हे पहिल्या रविवारी आपोआप होतं. बिघाडाचा मेल हवा तर कॉन्फिगमध्ये पत्ता घालावा लागतो.

तक्रार एकच, टाइमआउटची. साधी डिस्क खराब सेक्टरशी मिनिटभरही झटत बसते, कर्नल (लिनक्सचा गाभा) ३० सेकंदांत कंटाळून लिंक रीसेट करतो आणि बरी डिस्कही बाहेर फेकली जाते. एससीटी ईआरसी, म्हणजे डिस्कने किती वेळ झटायचं ती मर्यादा, ७० (सेकंदाचे दहावे भाग) ठेवलं की डिस्क ७ सेकंदांत एरर कळवते. डिस्कला ते जमत नसेल तर कर्नलचा टाइमआउट १८० सेकंद करा. आमच्या डिस्कवर हे सेटिंग लाईट गेली की पुसलं जातं. इकडे लाईटचा नेम नाही, म्हणून ते यूडेव्हच्या (डिस्क दिसली की ठरलेलं काम करणारा लिनक्सचा भाग) नियमात घातलंय, मशीन चालू झालं की आपोआप लागतं.